एका हंगामाचं लाकूड

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. कसबा बावड्याच्या शिवारात, नदीच्या अंगाला असलेल्या तवनाप्पा मगदूम यांच्या गुऱ्हाळात उसाच्या रसाचं दिवसातलं पहिलं आधण उकळत होतं. बोलणारा पुण्याच्या खरेदीदाराचा माणूस होता. या हंगामातला तुमचा माल आम्ही थांबवतोय, असं त्यानं सांगितलं. तुमच्या भागातला गूळ जंगलातल्या लाकडावर शिजतो, हे आमच्या वरच्या लोकांच्या वाचनात आलंय.

"कुठं वाचलं?" तवनाप्पांनी विचारलं.

"इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात. फोटोसकट आहे."

"आमच्या चुलवाणात चिपाड जळतंय. येऊन बघा की."

"आम्ही येऊन काय बघणार, काका? तिथलं बदललं तर कळवा."

काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई, तिच्याखालची भट्टी म्हणजे चुलवाण. ऊस गाळून उरलेला, उन्हात वाळवलेला चोथा म्हणजे चिपाड. ऊस उसानंच शिजवायचा, अशी या काठावरची रीत आहे. चुलवाणात लाकूड घालणं म्हणजे घरात पीठ असताना शेजाऱ्याकडं भाकरी मागायला जाणं.

मगदुमांच्या गुळात रंग नसतो, उजळ करणारी पावडर नसते. तो काळपट दिसतो, म्हणून शाहूपुरीच्या गूळबाजारातल्या सौद्यात त्याच्याकडं कुणी वळून बघत नाही. त्याला मागणारा हा एकच खरेदीदार. तो गेला तर पुढच्या वर्षी ऊस कारखान्याला जाणार आणि गुऱ्हाळाला कुलूप लागणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

तवनाप्पांनी पोरीला हाक मारली.

प्राची ही त्यांची थोरली मुलगी, वय एकोणतीस. उचगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. गेली काही वर्षं ती याच मुक्त ज्ञानकोशात विनामोबदला संपादन करते. नद्या आणि धरणं हा तिचा प्रांत. संदर्भ नसलेलं वाक्य ती ठेवत नाही, असा तिचा तिथं लौकिक आहे. नवे संपादक तिला वचकून असतात.

"बदल म्हणतोय त्यो," तवनाप्पा म्हणाले. "तुझंच खातं हाय न्हवं त्यात?"

"खातं माझं हाय, अण्णा. ज्ञानकोश माझा न्हाय."

तरी तिनं गुऱ्हाळाच्या कट्ट्यावर बसून लेख उघडला. कोल्हापूर जिल्ह्यातली जंगलतोड हा विषय. लेख तसा चांगला होता, हे तिला आधी मान्य करावं लागलं. पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांत झाडांचं आच्छादन कुठं विरळ झालं, रस्त्यांनी काय गेलं, खाणींनी काय गेलं, मालकीच्या जमिनीवरची तोड कशी होते, हे सगळं नीट मांडलेलं होतं. प्रत्येक वाक्याखाली आकडा, आकड्यामागं अहवाल. तिनं चार अहवाल उघडून पाहिले. लेखात होतं ते अहवालातही होतं.

मग चौथा परिच्छेद आला. "गुऱ्हाळांच्या चुलवाणांसाठी होणारा लाकडाचा वापर हे जिल्ह्यातील जंगलतोडीचे प्रमुख कारण आहे." त्याला दोन संदर्भ दिले होते. एक कोल्हापूरच्या एका दैनिकातली बातमी, दुसरा एका संस्थेची पुस्तिका. प्राचीनं पुस्तिका उघडली. पुस्तिकेच्या तळटीपेत तीच बातमी होती. म्हणजे दोन संदर्भ एकच निघाले.

तिनं लेखाचा इतिहास पाहिला. ज्ञानकोशात कोणतं वाक्य कधी आलं याची नोंद राहते. हे वाक्य कुणा निनावी माणसानं २०२१ मध्ये घातलं होतं, संदर्भाशिवाय. बातमी २०२२ सालची. लेकरू आधी जन्मलं होतं, आई-बाप मागाहून मिळाले होते.

बातमीवर हंबीररावांचं नाव होतं. ते अजून त्याच दैनिकात आहेत. प्राचीनं त्यांना फोन लावला.

"बातमी तुमचीच न्हवं?"

"वर नाव माझंच हाय की, मॅडम."

"त्यात 'जाणकारांच्या मते' असं लिहिलंय. जाणकार कोण?"

"आता बघा. त्या दिवशी वनदिन. दुपारी हापिसातनं फोन आला, जंगलतोडीवर चारशे शब्द पाठवा, सहाला पान लावायचंय. एवढ्यात जाणकार कुठनं धरून आणू?"

"मग?"

"नेटवर होतं. तुमच्या त्या ज्ञानकोशातच होतं."

"तुम्ही ज्ञानकोशातनं घेतलं?"

"सगळं न्हाय ओ. गुऱ्हाळाचं तेवढं."

प्राचीनं त्या वाक्याखालचा संदर्भ पुन्हा उघडून पाहिला.

"मॅडम? हाय का लाइनवर?"

"हाय. त्या वाक्याखाली आज संदर्भ म्हणून तुमची बातमी हाय."

पलीकडे हंबीरराव खो खो हसले. "म्हंजे मी त्याचं बघून लिहिलं, आणि त्यो माझं बघून पास झाला? आयला! मास्तर कुठं गेलता मग?"

प्राचीला हसू आलं नाही, पण काम झालं असं तिला वाटलं. वाक्याला पाया नव्हता. लेखाला जोडलेल्या, संपादकांच्या चर्चेच्या पानावर एवढं दाखवून दिलं की ते उडणार होतं. तिनं तसं लिहायला घेतलं आणि खरेदीदाराचा माणूस ज्याबद्दल बोलला तो फोटो पाहायचा राहिलाय, हे तिच्या लक्षात आलं.

फोटोत चुलवाणाचं तोंड होतं आणि शेजारी माणसाच्या छातीएवढी ओंडक्यांची रास. खाली ओळ होती: कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळात इंधन म्हणून वापरले जाणारे लाकूड. चुलवाणाच्या तोंडाला बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव बसवलेली होती. कडा ढासळू नयेत म्हणून तवनाप्पांनी ती लोहाराकडून बसवून घेतली होती. असं चुलवाण पंचगंगेच्या काठाला दुसरं नाही. प्राचीनं मान वर केली. फोटोतली धाव तिच्यापासून दहा हातांवर होती आणि तिच्या आत चिपाड धडधडून जळत होतं.

तिनं फोटो आईला दाखवला. चंदनाबाईंनी चष्मा पुसून पाहिला.

"व्हय, आपलंच. ह्यो त्या पावण्यानं काढलाय."

"कोणत्या पावण्यानं?"

"महापुराच्या वर्षी आलता एक. पाठीला पिशवी, गळ्यात कॅमेरा."

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला कशासाठी आलात, असं या भागात विचारत नाहीत. त्याला बसवतात, रस देतात, जाताना हातावर गरम गुळाचा खडा ठेवतात. वाट चुकलेला, ऊस बघायला आलेला, नुसताच बघायला आलेला, सगळे सारखेच. त्या पाहुण्यालाही बसवलं होतं.

"काही बोलला का त्यो?" प्राचीनं विचारलं.

चंदनाबाई काहिलीकडं बघत म्हणाल्या, "इचारलं त्यानं. तुम्ही नेहमी लाकूडच जाळता का, म्हणला."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? लाज वाटली मला. बसा पावणं, रस घ्या, म्हटलं. दुसरा पेला भरला."

"आणि त्यानं परत विचारलं?"

"इचारलं की. तिसरा भरला."

तवनाप्पा हातातला झारा थांबवून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे उत्तर मिळालं त्याला."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी या शिवारात शिरलं होतं. साठवलेलं चिपाड त्यात गेलं. पाऊस दिवाळीपर्यंत चालला. हंगाम सुरू झाला तेव्हा नवं चिपाड वाळायला ऊन नव्हतं आणि पाणी लागलेला ऊस शेतात कुजत होता. पहिले काही आठवडे काठावरच्या बहुतेक गुऱ्हाळांनी लाकूड जाळलं. नंतर चिपाड वाळलं, लाकूड बंद झालं आणि त्याबद्दल बोलणंही बंद झालं. त्या वर्षाचा विषय निघाला की पाणी कुठवर आलं होतं ते सगळे सांगतात. चुलवाणात काय घातलं, ते कुणी सांगत नाही.

संध्याकाळी प्रभुलिंगअण्णा आले. नदीकाठच्या गूळ उत्पादक मंडळाचे ते अध्यक्ष आहेत, त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ मगदुमांच्या वरच्या अंगाला आहे. सोबत मंडळाचे दोघं होते. पुण्याचा फोन एका घरी आला की काठावर सगळ्यांना कळतो.

"प्राची बाळ," बसायच्या आधीच ते म्हणाले, "तू तिथली मोठी साहेबीण हाईस म्हणं. दाब की एक बटण. जाऊ दे त्यो लेख पाण्यात."

"लेख बरोबर हाय, काका. एक वाक्य चुकीचं हाय."

"मग वाक्य काढ. फोटो काढ."

"वाक्याचं बघतो आम्ही. फोटो खरा हाय."

प्रभुलिंगअण्णांनी सोबतच्यांकडं बघितलं. "खरा असू दे की. कुठला हाय ते कुणाला कळतंय? दोन वर्षांमागं मंडळानं लिहून दिलंय तिथं. आमच्या जावयानं लिहिलं. झकास मराठी हाय त्याचं."

प्राचीनं ते पत्र दुपारीच वाचलं होतं. ते चर्चेच्या पानावर अजून आहे. आमच्या भागात आजवर कधीही लाकूड जाळले गेले नाही, सदर छायाचित्र आमच्या भागातील नाही, असं त्यात म्हटलंय. त्याखाली पुण्याच्या एका संपादकानं फोटोची तारीख आणि काढल्याची जागा नकाशावर दाखवली होती. जागा कसबा बावडा. नंतर मंडळाच्या कोणत्याही म्हणण्याकडं कुणी लक्ष दिलेलं नव्हतं. खोट्या वाक्याला सगळ्यात भक्कम आधार होता तो मंडळाच्या पत्राचाच.

"काका, तुम्ही 'कधीच न्हाय' म्हणालात, म्हणून ते 'नेहमीच' खरं ठरलं," ती म्हणाली. "एका हंगामापुरतं, असं तेव्हाच सांगितलं असतं तर हे वाक्य टिकलंच नसतं."

"कधीच न्हाय हेच बरोबर हाय."

"प्रभुलिंग," तवनाप्पा म्हणाले, "त्या साली तुझ्या चुलवाणात काय घातलंतंस?"

 काहिलीत रस रटरटत होता.

"ती गोष्ट येगळी," प्रभुलिंगअण्णा म्हणाले.

"येगळी हाय, असंच लिवायचं म्हणतीया पोरगी."

"अरं, एकदा व्हय म्हटलं की जग म्हणणार, रोजचंच हाय ह्यांचं. आपलं तोंड आपुनच काळं करायचं? दोन ओळी लिहून आणल्यात. फोटो इथला न्हाय, एवढ्यावर सही कर. फोटोवाला पावणा कोण, कुठला! त्याला कोण इचारतंय?"

"माझ्या दारात रस पिऊन गेलाय त्यो," तवनाप्पा म्हणाले. "त्याला खोटा म्हणू? त्यानं बघितलं ते खरंच बघितलं. कधीचं, तेवढं आम्ही सांगितलं न्हाय. चूक आमच्या घरातली हाय."

"सही करत न्हाईस?"

"न्हाय."

"रविवारी बैठक हाय. ऊसतोडणीची टोळी मंडळ आणतंय, ध्यानात ठेव."

"कोयता हाय माझ्याकडं. गंजला असंल, पण धार लागंल."

चंदनाबाईंनी तिघांपुढं रसाचे पेले ठेवले. प्रभुलिंगअण्णांनी आपला पेला एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि निघून गेले. भांडण झालं तरी काठावर रस चुकत नाही.

ते गेल्यावर प्राचीनं वडिलांना विचारलं, "अण्णा, लाकूड आलं कुठनं?"

"दोन ट्रक होते. एकात पुरानं पडल्याली झाडं. आपल्याच बांधावरची चिंच, बाभळी."

"दुसऱ्यात?"

"वरनं आलता त्यो. डोंगराकडनं. एक एजंट घेऊन आलता."

"परवाना बघितलात?"

"उतरवून घेतला. इचारलं न्हाय."

"म्हणजे जंगलतोडीचं असू शकतं."

"असू शकतंय कशाला म्हणतीस? ओलं लाकूड, करवतीनं कापल्यालं. तसलंच हुतं."

प्राची म्हणाली, "हे पण लिहावं लागंल. अर्धं सांगितलं तर आपल्यात आणि मंडळात फरक राहणार न्हाय."

"पुण्याचं काय मग?" चंदनाबाईंनी विचारलं. "त्यो म्हणतोय जंगलाचं लाकूड हाय म्हणून. आपुन म्हणायचं, व्हय बाबा, हाय?"

तवनाप्पांनी चुलवाणात चिपाडाचा भारा सारला. जाळ धावेच्या बाहेर आला आणि आत गेला.

"एका हंगामाचं व्हय म्हणायचं," ते म्हणाले. "बाकीच्या चाळीस हंगामांचं न्हाय म्हणायचं. त्याला पटलं तर गूळ न्यावा. न्हाय पटलं तर ऱ्हाऊ दे, खोटं बोलून मला गूळ इकायचा न्हाय. लिव."

बुधवारी सकाळी प्राचीनं चर्चेच्या पानावर नोंद टाकली. या लेखातल्या फोटोतलं गुऱ्हाळ माझ्या वडिलांचं आहे, त्यामुळं मी स्वतः लेखात कोणताही बदल करणार नाही, असं सुरुवातीलाच लिहिलं. मग वाक्य आधी आणि बातमी नंतर कशी आली, ते तारखांसह मांडलं. हंबीररावांचं फोनवरचं बोलणं लिहिलं. पूर, भिजलेलं चिपाड, दोन ट्रक, दुसऱ्या ट्रकचं लाकूड कुठलं असावं, तेही लिहिलं. शेवटी मंडळाचं पत्र चुकीचं आहे, असं म्हटलं.

दुपारच्या तासापूर्वी उत्तर आलं. नकाशा दाखवणारा तोच संपादक होता. ज्ञानकोशात तो 'सह्यवाट' या नावानं लिहितो.

"आपण हितसंबंध उघड केलात, त्याबद्दल आभार. मात्र उत्पादक आधी 'कधीच नाही' म्हणत होते, आता एक घर 'एकदाच' म्हणत आहे. आम्ही कशावर विश्वास ठेवावा? वार्ताहराशी झालेले दूरध्वनीवरील संभाषण हा संदर्भ होऊ शकत नाही. कुटुंबाची आठवणही नाही. छापील, स्वतंत्र स्रोत आणावा."

प्राचीनं ते स्टाफरूममध्ये वाचलं. तिला राग आला, पण उत्तरात चूक सापडेना. हेच उत्तर, जवळपास याच शब्दांत, तिनं आजवर कितीतरी जणांना दिलं होतं. एका बाईंनी आपल्या गावच्या ओढ्याबद्दल लिहिलं होतं, तुमची आठवण चालणार नाही, असं प्राचीनं त्यांना कळवलं होतं. त्या बाई पुन्हा कधी लिहायला आल्या नाहीत.

तिनं हंबीररावांना पुन्हा फोन केला.

"बातमी पाहिजे."

"पाठवा की तुमची ती नोंद. करतो अर्ध्या तासात."

"न्हाय. माझ्या नोंदीवरनं केलीत तर परत तोच खेळ होणार. मी तुमचं दाखवायचं, तुम्ही माझं. स्वतः या. अण्णांना विचारा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या गुऱ्हाळांना पण विचारा."

"मॅडम, तुम्ही मला पत्रकारिता शिकवायलाय."

"चारशे शब्दच लिहा. पण बघून लिहा."

हंबीरराव त्याच संध्याकाळी मोटारसायकलवरून आले. आधी वरच्या अंगाच्या पाच-सहा गुऱ्हाळांवर जाऊन आले होते. सगळीकडं एकच उत्तर मिळालं होतं, कधीच न्हाय. रस मात्र सगळीकडं मिळाला होता आणि त्यांना आता ढेकर येत होते.

चंदनाबाई पेला घेऊन पुढं आल्या. "बसा पावणं, रस घ्या."

"वहिनी, रस मागनं," हंबीरराव म्हणाले. "पोट डेऱ्यागत झालंय. आधी एवढं सांगा. तुम्ही नेहमी लाकूडच जाळता का?"

चंदनाबाईंनी पेला कट्ट्यावर ठेवला. पदर खोचला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी जाळलं. पुरात चिपाड गेलं म्हणून जाळलं. त्यातलं एक ट्रक डोंगरातलं हुतं, ते घ्याया नको हुतं. त्याच्या आदी न्हाय, त्याच्या नंतर न्हाय. नाव लिवा. चंदना तवनाप्पा मगदूम. आता घ्या रस."

हंबीररावांनी लिहून घेतलं. मग तवनाप्पांना प्रश्न विचारले, त्यातले काही दोनदा विचारले. चिपाडाची गंजी पाहिली, तिच्यात हात घालून पाहिला. तवनाप्पांना चुलवाणापुढं उभं करून, धाव दिसेल असा फोटो काढला.

"कागदावर नाव आलं की मागं घेता येणार न्हाय, मालक," ते म्हणाले.

"मागं घ्यायचं असतं तर पुढं आलो असतो का?"

बातमी शुक्रवारी आतल्या पानावर आली. मथळा होता: महापुराच्या हंगामात लाकूड जाळले, बावड्याच्या गुऱ्हाळमालकाची कबुली.

तवनाप्पांनी मथळा मोठ्यानं वाचला. "कबुली चोर देतोय. मी सांगितलंय. ह्या हंबीररावाला दोन्हीतला फरक कळत न्हाय व्हय?"

बाकी मजकूर बरोबर होता. दोन्ही ट्रक होते. इतर गुऱ्हाळमालकांनी इन्कार केल्याचंही होतं. प्राचीनं तो दोनदा वाचला आणि मग ती जे शोधत होती ते त्यात नाही, हे तिच्या ध्यानात आलं. २०२२ ची बातमी ज्ञानकोशातून उचलली होती, याबद्दल एक ओळही नव्हती.

"अर्धंच छापलंय," ती फोनवर म्हणाली.

"लिहिलं हुतं ओ मी. खरं सांगतो. वर कापलं."

"का?"

"का म्हंजे? आपल्याच पेपरात आपलीच बातमी खोटी म्हणायची? खुलासा छापायचा तर संपादकांची परवानगी लागती. ते परगावी हायत. सोमवारी बघू म्हणाले."

"माझे अण्णा नावानिशी उभे राहिले, हंबीरराव. फोटोसकट."

"कळतंय मॅडम. मला बी कळतंय. सोमवारी मी स्वतः जातो आत."

'सह्यवाट'नं शुक्रवारी दुपारी लेखात बदल केला. नव्या बातमीच्या आधारानं, २०१९ च्या पुरानंतर किमान एका गुऱ्हाळानं डोंगराकडचं लाकूड वापरलं, असं वाक्य घातलं. फोटोखाली साल घातलं. 'प्रमुख कारण' हे वाक्य मात्र ठेवलं, कारण ज्या बातमीवर ते उभं आहे ती दैनिकानं मागं घेतलेली नाही. परिच्छेदाच्या डोक्यावर एक पट्टी लावली: या भागाच्या विश्वासार्हतेबद्दल मतभेद आहेत.

म्हणजे आता लेखात खोटं वाक्य होतं आणि त्याच्या खाली मगदुमांनी सांगितलेलं खरंही होतं. वाचणाऱ्याला दुसरं पहिल्याचा पुरावा वाटावं, अशा क्रमानं.

"ह्याच्यापरीस गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं का गं?" चंदनाबाईंनी विचारलं.

"न्हाय," प्राची म्हणाली. तिनं चर्चेच्या पानावर वाक्यांचा क्रम बदलण्याची विनंती लिहिली, कारणं दिली, आणि दैनिकाचा खुलासा आला की पुन्हा येईन, असं कळवलं. खाली खऱ्या नावानं सही केली. तिथं खरं नाव वापरायची तिची ही पहिलीच वेळ.

शनिवारी सकाळी घरच्या फोनवर एकाचा फोन आला, तो प्राचीनं उचलला. आवाज ओळखीचा वाटला, पण माणसानं नाव सांगितलं नाही. "आमच्यात पण आलतं एक ट्रक," तो म्हणाला. "तवनाप्पा खरं बोललाय. लिव तू, पोरी. फकस्त नाव नको."

"नावाशिवाय चालत न्हाय, काका," प्राची म्हणाली.

"रविवारच्या बैठकीत बघू," म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्याच सकाळी तवनाप्पांनी बातमीचं कात्रण खरेदीदाराच्या माणसाला पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. दुपारी मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटल्या. नंतर त्यांनी कोयता काढून दगडावर धार लावली. टोळी सोमवारी येणार की नाही, हे मंडळाकडून कुणी कळवलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी दिवसातलं शेवटचं आधण उतरलं. तोवर खरेदीदाराचं उत्तर आलेलं नव्हतं, दैनिकाचा खुलासा छापून आलेला नव्हता, आणि ते वाक्य लेखात जागच्या जागी होतं.